परवानाधारक देशभक्तास अनावृत पत्र

राजमान्य राजश्री कमांडर जेम्स बाँडसाहेब, मुक्काम लंडन, यांसी,

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

इयान फ्लेमिंग यांनी १९५३ साली ‘कॅसिनो रॉयल’मधून आपणांस जगासमोर उभे केले, तेव्हापासून राजनिष्ठेचा मूर्तिमंत आदर्श म्हणून आपला जो लौकिक पसरला, त्याविषयी शंका घेण्याचे धाडस आम्हांस कधी झाले नव्हते, परंतु यंदाच्या पावसाळ्यात पडशाने अंथरूण धरले असता आपले दप्तर नव्याने चाळण्याचा योग आला, आणि या निष्ठेचा जमाखर्च नेमका कोणत्या वहीत मांडावा, हा क्षुद्र प्रश्न जो मनात शिरला तो काही केल्या बाहेर पडेना.

‘मूनरेकर’मधील नोंदीप्रमाणे आपला सालीना तनखा १,५०० पौंड, वर १,००० पौंड करमुक्त खासगी प्राप्ती, कामगिरीवर असताना खर्चास मोकळीक, आणि पंचेचाळिशीपूर्वीच मरण येणार या हिशेबाने पेढीत शक्य तितके कमी शिल्लक ठेवण्याचा निश्चय. असे निष्काम वैराग्य आमच्या मामलेदार कचेरीत क्वचितच आढळते.

एकदा मात्र आपणांस विचार करण्याचा झटका आला होता. ‘कॅसिनो रॉयल’मध्ये छळाने जर्जर होऊन रुग्णशय्येवर पडला असता, आजचा नायक उद्याचा खलनायक ठरतो, सबब हा धंदा सोडावा, असे आपण मातिस या फ्रेंच सहकाऱ्यास सांगितले. त्या चतुर गृहस्थाने तत्त्वांपेक्षा माणसांसाठी लढणे सोपे असल्याचे सुचवले, आणि पुढे व्हेस्पर नामक प्रेयसीचा विश्वासघात उघडकीस येताच आपणांस सूड घेण्याजोगा शत्रू मिळाला नि राजीनामा खिशातच राहिला. तेव्हा देशाच्या नावे सुरू असलेल्या या व्यवहाराच्या तळाशी एक घरगुती जखम होती, असे म्हटल्यास आपण रागावणार नाही ना?

आपल्या वरिष्ठांची जखमही अशीच घरगुती. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘फॉर युवर आइज ओन्ली’ या कथेत ‘एम’साहेबांच्या स्नेह्यांची, ज्यांच्या विवाहात ते स्वतः वराचे पाठराखे होते अशा दांपत्याची, जमैकात हत्या होते, खुनी पुढे अमेरिकेतील व्हरमाँटमध्ये जाऊन राहतात, आणि सरकारचा या प्रकरणाशी सुताइतकाही संबंध नसताना ‘एम’साहेब आपला सल्ला विचारतात. वरिष्ठांस संकोच वाटू नये म्हणून त्यांच्या मनातील शिक्षा आपणच उच्चारून दाखवता. मग शीर्षक नसलेली एक बारीक फाईल खणातून निघते, रबरी शिक्का लाल शाईत बुडतो, वेष्टनाच्या कोपऱ्याशी नीट जुळवून उमटवला जातो, आणि क्षणापूर्वी खासगी वैर असलेली गोष्ट राष्ट्रकार्य होऊन बसते. शाई वाळण्याचीसुद्धा आपण वाट पाहिली नाहीत! हुकूम पाळणारे आम्ही पुष्कळ पाहिले. हुकूम सुटण्यापूर्वीच तो पाळणारे आपणच.

(बर्लिनमध्ये एका स्त्री-नेमबाजास ठार न मारता आपण केवळ जखमी केलेत, ही रक्कम आपल्या खाती अवश्य जमा धरतो. ती अत्यंत रूपवती होती, ही नोंदही त्याच वहीत आहे.)

पुढे १९६५ सालच्या ‘द मॅन विथ द गोल्डन गन’मध्ये रशियनांनी आपली बुद्धी फिरवली, तेव्हा त्याच इमानाने, त्याच तत्परतेने आपण ‘एम’साहेबांच्याच अंगावर सायनाइड उडवलेत. आज्ञाधारकपणात तसूभर उणेपणा आला नव्हता. बदलला होता तो फक्त आज्ञा देणाराचा पत्ता. बरे, ‘एम’साहेबांनी तरी काय केले? बुद्धी उलट फिरवून घेतली आणि आपणांस दुसऱ्या एका इसमाच्या खुनावर रवाना केले.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

ता. क. — त्या कामगिरीबद्दल देऊ केलेला ‘सर’ हा किताब आपण नाकारल्याचे वाचून ऊर भरून आला होता. तारेच्या पहिल्या मसुद्यातील कारण मात्र नंतर पाहिले : किताबामुळे हॉटेलांत आणि खानावळींत बिल वाढते.