बांबूची बढती

बांबू हे गवत, असे वनस्पतिशास्त्र म्हणते. १९२७च्या भारतीय वन कायद्याने त्याला झाडाच्या पदावर बढती दिली. २००६च्या वनहक्क कायद्यात तोच गौण वनोपज झाला. २०१७च्या दुरुस्तीनंतर तर वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाड राहिला नाही. आतला मात्र अजून सेवेत आहे. किती सूक्ष्म दृष्टी! शेतातल्या बेटाचा कोंब बांध ओलांडून वनात फुटला, की रातोरात त्याचे झाड. याच न्यायाने रानात चरायला गेलेल्या शेळीला हरणाचा दर्जा द्यावा, म्हणजे संध्याकाळी तिला घरी आणणारा गुराखी शिकारी ठरेल आणि वनखाते उघडे पडणार नाही.

२००६च्या त्याच कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क २००९मध्ये मिळाला. तोडलेला बांबू बाहेर नेण्याचे परवानापुस्तक २०११मध्ये आले, तेही द्यायला केंद्रीय मंत्री जातीने गावात आले होते.