विमान ओळखावे नेटके

(लोहगाव, धानोरी, टिंगरेनगर आणि परिसरातील होतकरूंसाठी)

पुण्याचा विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ. आपण प्रवासी तिथले पाहुणे. त्यामुळे तिकीट न काढता, घरबसल्या लढाऊ आणि अवाढव्य मालवाहू विमानं बघण्याचं भाग्य या भागातल्या रहिवाशांच्या वाट्याला आलं आहे. तरीही पुष्कळ लोक आवाज आला की नुसती खिडकी लावून घेतात. अशांसाठी हे मार्गदर्शन.

साहित्य : टोपी, गच्चीची किल्ली आणि ऐच्छिक दुर्बीण. ५३ मीटर लांबीचं सी-१७ बघायला दुर्बीण लागत असेल, तर आधी डोळे तपासून घ्यावेत. किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे असते आणि ते 'कशाला हवी?' असं विचारतात. 'विमानं बघायला' हे उत्तर साठीच्या माणसाला शोभत नाही. 'टाकी भरली का बघतो' म्हणावं. कॅमेरा मात्र घरीच ठेवावा. तळाच्या फोटोला बंदी आहे. फोटो काढणाऱ्याला विमानाची ओळख पटण्याआधी स्वतःची ओळख पटवून द्यावी लागते. मोबाइलवरच्या विमानं दाखवणाऱ्या अ‍ॅपवरही विसंबू नये. डोक्यावरून लष्करी धूड जात असतं आणि अ‍ॅपवर बहुतेकदा आकाश मोकळं.

कृती : सुरुवात सुखोईपासून करावी. तावदानं थरथरली आणि समोरचा माणूस वाक्य अर्धवट टाकून गप्प बसला, की सुखोई आलं. नवशिका आवाजाच्या दिशेने बघतो आणि त्याला कोरं आकाश दिसतं. दीड किलोमीटरवरून आवाज पोहोचायला चार सेकंदांहून जास्त लागतात. तेवढ्यात विमान अर्धा किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून नजर आवाजाच्या पुढे ठेवावी.

पंख्याची विमानं सोपी. दोन इंजिनं पंखांच्या वर चढवून बसवल्यासारखी दिसली, की एएन-३२. कच्च्या धावपट्टीवरचे खडे-माती इंजिनात जाऊ नयेत म्हणून ती तशी उंच बसवली आहेत. चार पंखे आणि प्रत्येकाला सहा पाती असतील, तर सी-१३० जे. पाती मोजता आली नाहीत तरी 'सहा' असंच सांगावं.

खरी परीक्षा आयएल-७६ आणि सी-१७ यांची. दोघांनाही चार जेट इंजिनं, दोघांचीही आडवी शेपटी उभ्या शेपटीच्या माथ्यावर. अशा वेळी हनुवटी बघावी. वैमानिकाच्या खिडक्यांखाली, अगदी नाकाशी काचेची आणखी एक खोली दिसली, तर ते आयएल-७६. तिथे बसून नॅव्हिगेटर जमीन बघतो. हवाई दलात या विमानाला 'गजराज' म्हणतात. नाक गुळगुळीत आणि पंखांची टोकं वर वळलेली असतील, तर सी-१७. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनचे रिकामे टँकर पुण्याहून जामनगरला उचलून नेले ते यानेच. 'रिकामेच का?' असं कोणीतरी विचारणारच. द्रवरूप ऑक्सिजनने भरलेला टँकर विमानातून नेणं धोक्याचं, म्हणून जाताना हवेतून आणि येताना जमिनीवरून.

खबरदारी : प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ असे असतात, ज्यांना रोज काहीतरी जास्त मोठं दिसतं. त्यांनी एएन-१२४ पाहिल्याचा दावा केला, तर शांतपणे 'आडवी शेपटी कुठे होती?' असं विचारावं. 'अगदी वर' असं उत्तर आलं, की प्रकरण तिथेच निकाली. एएन-१२४ ची शेपटी खाली, धडालाच असते. सहा इंजिनांचं एएन-२२५ जगात एकच होतं. ते मे २०१६ मध्ये हैदराबादला उतरलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धात नष्ट झालं. ते गेल्या दिवाळीत धानोरीवरून गेलं असं काकांचं म्हणणं असेल, तर वाद न घालता त्यांना सावलीत बसवावं.

शेवटचा प्रसंग ढगांचा. नुसती घरघर ऐकू येते, दिसत काहीच नाही आणि गच्चीवरची सगळी मंडळी तुमच्याकडे बघत असतात. 'ओळखता येत नाही' हे शब्द तोंडातून काढू नयेत. आकाशाकडे न बघता, चष्मा पुसत, 'आयएल-७६, लोड घेऊन आलंय' म्हणावं. फोटो दाखवा म्हणायची सोय हवाई दलानेच ठेवलेली नाही.