जगज्जेतेपदाची लढत घरबसल्या कशी पाहावी

बुद्धिबळाच्या सर्वोच्च लढतीचा रसिक होण्याचा अधिकार कोणाला आहे, हा या शास्त्रातील पहिला प्रश्न होय. कारण जुन्या वळणाचा कोणताही शास्त्रग्रंथ अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन या चार गोष्टी सांगितल्याखेरीज पुढे सरकत नाही. घोडा अडीच घरे चालतो एवढे ज्याला ठाऊक आहे तो पूर्ण अधिकारी समजावा, आणि ज्याला तेही ठाऊक नाही तो थोड्या अभ्यासाने अधिकारी होऊ शकतो. मात्र जो स्वतः बरा खेळतो त्याच्याविषयी शंका घेण्यास जागा आहे, कारण मत देण्यापूर्वी विचार करण्याची त्याला खोड असते आणि तेवढ्यात डाव पुढे गेलेला असतो. विषय म्हणून येथे सिंगापूरच्या सेंतोसा बेटावर २५ नोव्हेंबर ते १२ डिसेंबर २०२४ या काळात चीनचा तत्कालीन जगज्जेता डिंग लिरेन आणि चेन्नईचा १८ वर्षांचा गुकेश यांच्यात झालेली लढत घेतली आहे. तिचे डाव जास्तीत जास्त १४; विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा, आणि साडेसात गुण आधी मिळवील तो जगज्जेता. रसिकाचा या सगळ्याशी संबंध काय, हा प्रश्न घरातील मंडळी विचारतातच, म्हणून तो येथे घेतलेला नाही. प्रयोजन तर संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर आपोआप सिद्ध होते.

काळाचा विचार आधी केला पाहिजे. तेथील सायंकाळचे पाच म्हणजे भारतातील दुपारचे अडीच, अर्थात जेवण आटोपून, ताक पिऊन, डाव्या कुशीवर होण्याची वेळ. प्रत्येक खेळाडूला पहिल्या ४० चालींसाठी दोन तास, उरलेल्या डावासाठी आणखी अर्धा तास आणि ४१व्या चालीपासून दर चालीमागे ३० सेकंदांची भर, अशी घड्याळाची व्यवस्था असल्यामुळे डाव दिवेलागणीपर्यंत सहज लांबतो. एखाद्या चालीसाठी खेळाडू बराच वेळ घेऊ लागला आणि रसिकाचे डोळे मिटले, तर त्या अवस्थेला झोप न म्हणता गणन म्हणावे. गणन म्हणजे पुढच्या चाली मोहरे न हलवता मनातल्या मनात मोजणे. गुकेश स्वतः पटासमोर डोळे मिटून बसतो, तेव्हा या आचाराला शिष्टांचा आधार आहे. फरक घोरण्यापुरताच उरतो.

समोर लाकडी पट मांडलेला असावा, मग त्याला कोणी हात न लावला तरी चालेल. घरच्या संचातील एखादा मोहरा हरवलेला असणे परंपरेला धरूनच आहे आणि त्याच्या जागी शर्टाचे बटण ठेवण्यास कोणताही प्रत्यवाय नाही; प्रस्तुत विवेचनात पांढऱ्या घरांतून चालणाऱ्या काळ्या उंटाच्या जागी असे बटण आहे, असे गृहीत धरले आहे. मोहऱ्यांची नावे मात्र जपून उच्चारावीत. मराठीत कोपऱ्यातला मोहरा हत्ती आणि तिरपा चालणारा तो उंट. परंतु बंगाली माणूस तिरप्या मोहऱ्याला गज म्हणतो आणि कोपऱ्यात नौका ठेवतो, रशियन माणसाचीही रीत हीच, तेव्हा हत्ती मारला गेल्याची वार्ता परप्रांतीयाला सांगताना कोणाचा हत्ती हे आधी ठरवून घ्यावे.

आता मुख्य साधन. प्रक्षेपणात पटाच्या कडेला एक उभी, अर्धी पांढरी आणि अर्धी काळी पट्टी दिसते, तिला मूल्यमापन-पट्टी म्हणतात. स्टॉकफिशसारखे इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारी संगणक-प्रणाली, त्या क्षणी कोणाची बाजू किती वरचढ आहे हे आकड्यात सांगते आणि पट्टी त्याप्रमाणे वरखाली होते. अधिक एक याचा ढोबळ अर्थ असा की, पांढऱ्याला एका प्याद्याएवढा लाभ आहे. आजचे इंजिन कोणत्याही जगज्जेत्यापेक्षा बलवान असून ते खिशातल्या फोनवर चालते. परिणामी खेळाडूंना जे चाळीस मिनिटे डोके धरून कळत नाही, ते रसिकाला शेंगदाणे खाता खाता कळते. या ज्ञानाचे स्वरूप साक्षात्कारी आहे, म्हणजे त्यात उत्तर असते आणि कारण नसते. म्हणूनच पट्टीकडे पाहिल्याचे कोणाला दिसू देऊ नये. ती काळ्याच्या बाजूला झुकली की तीन श्वास थांबावे, हनुवटीला हात लावावा आणि “उंटाचं काही खरं नाही” एवढेच म्हणावे. प्रत्येक बाजूला मुळात दोन उंट असतात आणि त्यांपैकी एकाचे तरी सहसा काही खरे नसते, त्यामुळे हे विधान क्वचितच खोटे ठरते. कोणी “कसं काय?” असे विचारलेच, तर चहाचा विषय काढावा. मैफलीत ज्याला राग ओळखता येत नाही तोही समेवर मान हलवतो आणि गवई त्यामुळे नाराज होत नाही; पट्टी ही रसिकाची सम आहे, फक्त ती गवयाला ऐकू येत नाही.

बरोबरीच्या डावांविषयी फार लिहिण्यासारखे नाही, आणि हेच त्यांचे दुःख आहे. सिंगापूरला चौथ्यापासून दहाव्यापर्यंत सलग सात डाव बरोबरीत सुटले. काळ्याच्या ४०व्या चालीपूर्वी आपसांत बरोबरी ठरवण्यास बंदी होती खरी, पण तीच स्थिती तीनदा आली की डाव बरोबरीत सुटतो, ही वाट मोकळी होती. अशा दिवसांत रसिकाने पूर्वजांचे स्मरण करावे. २०१८ साली लंडनला कार्लसन आणि कारुआना यांचे बाराही मुख्य डाव बरोबरीत सुटले. १९८४ साली मॉस्कोत सुरू झालेल्या कारपोव्ह-कास्पारोव्ह लढतीत ४८ डावांपैकी ४० बरोबरीत गेले आणि पाच महिन्यांनी ती निकालाविनाच थांबवण्यात आली. “कोण जिंकलं?” या स्वयंपाकघरातून आलेल्या प्रश्नाला त्या काळच्या मॉस्कोवासीयाने पाच महिने काय उत्तर दिले असेल, याची कल्पना करणे हे चित्तशुद्धीचे उत्तम साधन आहे.

चाली पाठ होत नसतील तर तंटे पाठ करावेत. त्यांना पट लागत नाही. १९७२ साली रेक्याविकला फिशर काही यंत्र किंवा रसायन वापरून स्पास्कीवर परिणाम घडवत असल्याचा संशय सोव्हिएत पथकाने घेतला, तेव्हा खुर्च्यांची क्ष-किरण तपासणी झाली आणि दिव्यांच्या साधनात दोन मेलेल्या माश्या सापडल्या. १९७८ साली फिलिपाइन्समधील बागियो येथे डाव चालू असताना कारपोव्हला दही देण्यात आले, आणि त्यात सांकेतिक निरोप असू शकतो अशी तक्रार कोर्चनोयच्या बाजूने झाली. दह्याचा एवढा सखोल अर्थ दहीहंडी फोडणाऱ्या समाजालाही लावता आलेला नाही. २००६ साली एलिस्ता येथे क्रामनिक शौचालयात वारंवार जातो, एवढ्यावरून वाद असा पेटला की, पाचवा डाव त्याने खेळलाच नाही. या बाबतीत सिंगापूरने रसिकाची घोर निराशा केली, कारण दोन्ही खेळाडू अखेरपर्यंत एकमेकांशी सौजन्याने वागले.

पक्ष निवडणे सोपे असते, कारण एक खेळाडू भारतीय असला की प्रश्न संपतो. खरी कसोटी २०२५ च्या जुलैत जॉर्जियातील बातुमी येथे लागली, जेथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख आणि आंध्रची कोनेरू हंपी समोरासमोर आल्या. देशप्रेम दोन्हीकडे सारखेच खर्च होऊन शिल्लक शून्य राहिल्याने प्रांतप्रेम बाहेर काढावे लागले. पहिले दोन डाव बरोबरीत सुटल्यावर २८ जुलैला जलद डावांत दिव्या एकूण अडीच विरुद्ध दीड गुणांनी जिंकली, भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली, आणि नागपूर हे महाराष्ट्रातच आहे याची पुण्या-मुंबईकडील अनेकांना हिवाळी अधिवेशनाच्या पाच महिने आधीच आठवण झाली.

राहिला सिंगापूरचा चौदावा डाव. १२ डिसेंबरला दोघांचे साडेसहा-साडेसहा गुण होते. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या डिंगकडे एक प्यादे कमी असले तरी स्थिती राखता येण्याजोगी होती, आणि दुसऱ्या दिवशीच्या जलद डावांची मनोमन तयारी बहुतेकांनी केली होती. ५५व्या चालीला डिंगने आपला हत्ती मारामारीसाठी पुढे केला. पट्टी क्षणात काळी झाली. रसिक ओरडला, शेंगदाणे सांडले, शेजारी धावून आले; पण खेळाडू सिंगापुरात ध्वनिरोधक काचेच्या खोलीत बसले होते, आणि ज्याला जगज्जेतेपद मिळणार होते त्याला ते अजून कळलेच नव्हते. चूक आपल्या लगेच लक्षात आली नाही, हे गुकेशने पुढे स्वतःच सांगितले. ते मधले काही क्षण, ज्यांत ओट्यावरची कणीक अर्धवट सोडून आलेल्या माणसाला सगळे माहीत आणि पटासमोरच्या माणसाला काहीच नाही, हे रसिकाच्या कारकिर्दीचे शिखर मानावे. त्यात त्याचे कर्तृत्व किती, हे विचारण्याची ती वेळ नव्हे.

नंतर गुकेश ताठ बसला. हत्तींची मारामारी झाली आणि त्याने आपला काळा उंट डिंगच्या कोपऱ्यात अडकलेल्या उंटासमोर आणून उभा केला; तो उंटही मारला गेला की, एका प्याद्याविरुद्ध दोन प्याद्यांचा साधा राजाचा डाव उरतो, आणि तो लहान मुलालाही जिंकता येतो. ही चाल घरच्या पटावर आवर्जून करून पाहावी, कारण तेथे जगज्जेतेपद बटणाने जिंकलेले असते. त्या चुकीनंतर तीन चालींतच डिंगने हार मानली. गुकेशला रडू आवरेना, तरीही त्याने पटावरचे सगळे मोहरे पुन्हा आपापल्या मूळ जागी लावून ठेवले. रसिकानेही उठण्यापूर्वी तेवढे करावे. बटण काळ्या वजिराशेजारच्या पांढऱ्या घरात ठेवावे.