सामाईक फोटो

मालवणात पूर्वी घराइतकाच फोटोही सामाईक असे. चतुर्थीला मुंबईकर काका आग्फा क्लिक थ्री घेऊन उतरले की घरात गणपतीच्या खालोखाल मान त्या कॅमेऱ्याला. १२० चा रोल, त्यात फोटो मोजून १२. दोन गणपतीचे, एक आजीचा (ती दरवर्षी ‘शेवटचा’ म्हणून काढून घेई) आणि उरलेल्यांत अख्खी भाऊबंदकी. गडग्यावरून कोर्टात गेलेले दोन चुलतेही त्या दिवशी खळ्यात खांद्याला खांदा लावून उभे राहत. प्रेमाने नव्हे, वेगळा फोटो काढण्याइतका रोल शिल्लक कुठे होता? ‘‘हलू नको रे मेल्या, फोटू बिघडात!’’ अशी हाक आली की वादी-प्रतिवादी दोघेही श्वास रोखत.

पुढे ३६ फोटोंचे रोल आले, जाहिरातीतल्या ‘खटॅक’सह हॉट शॉट कॅमेरा आला. तरी रोल संपवायची घाई कुणालाच नसे. धुऊन आलेल्या एकाच रोलवर लग्न आणि बारसं दोन्ही निघालं की आत्या बोटांवर महिने मोजत. मग पावसाळा येई आणि आमच्या दमट हवेतली बुरशी निगेटिव्हवर चढे. तिने चुलत्यांची तोंडं निःपक्षपातीपणे खाल्ली.

या रोलची सद्दी संपवणारा डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये बनवला रोल विकणाऱ्या कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसनने. कंपनी फिल्मवर पैसे कमावत होती. तिने घरच्या पोराला माजघरातच ठेवलं आणि जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कोकणात यात कुणाला नवल वाटणार नाही.

आता वाटण्या झाल्या आहेत. ज्याचा त्याचा मोबाइल, ज्याचा त्याचा गणपतीसोबत सेल्फी. चुलता आलाच तर अर्ध्या कानापुरता. सिंधुदुर्ग किल्ला बांधायला १६६४ ते १६६७ अशी तीन वर्षं लागली, पर्यटक होडीतच त्याच्याकडे पाठ करतो आणि तीन सेकंदांत त्याला खांद्यामागे बसवतो. खराब फोटो पुसता येतो, आजीचे डोळे मिटलेले येत नाहीत, ही मोबाइलची कमाई मी मान्य करतो. पण हजार फोटोंत सगळं घर एकत्र असलेला एक शोधून दाखवा.

तेव्हा या चतुर्थीला सगळ्यांना खळ्यात उभं करा, मोबाइलवरच काढा, पण मालवणात किंवा कुडाळात जाऊन कागदावर छापून घ्या. मागे प्रत्येकाचं नाव आणि नातं लिहा. सातबाऱ्यावर वारस लावताना उपयोगी पडतं.