गाडीचे दात

रामनवमीला पोहरादेवीत दोन गर्द्या असतात. एक जगदंबेच्या आणि सेवालाल महाराजांच्या दर्शनाला, दुसरी पार्किंगच्या रानात. पहिलीत माणसं डोळे मिटून उभी असतात, दुसरीत डोळे फाडून. बंजारा समाजाची ही काशी. देशभरातले तांडे येतात, त्यांचे नायक येतात, पुढारी तर येतातच; आणि पुढाऱ्यांबरोबर काळ्या काचांची पांढरीशुभ्र धूडं येतात. (काचांना काळी फिल्म लावायला सुप्रीम कोर्टाने 2012 सालीच मनाई केली आहे, पण कोर्ट दिल्लीत आणि ऊन इथल्या मानोरा तालुक्यात.) घरी परतताना निम्म्या लोकांच्या मनात एकच नवस असतो, असं एक धूड आपल्याही दारात उभं राहावं.

नवीची किंमत विकणारा लाखांत सांगतो, ऐकणारा एकरांत मोजतो. म्हणून मग जुनी. आमच्या काकांचं कारंज्याकडचं शेत समृद्धी महामार्गात गेलं होतं. त्याचे पैसे मुदत ठेवीत होते. ठेवीची मुदत संपली आणि काकांचा धीरही.

"गाडी पाह्यली म्या," काका म्हणाले. "विलायती हाये. डॉक्टरची. एकहाती."

विकायला निघालेली प्रत्येक गाडी डॉक्टरचीच असते. जिल्ह्यात डॉक्टर आहेत त्याहून डॉक्टरांच्या गाड्या जास्त. आणि हे सगळे डॉक्टर फक्त घर ते दवाखाना एवढंच फिरतात, तेही हळू.

खरं तर आम्हा बंजाऱ्यांना पारख कुणी शिकवायला नको. रेल्वे येण्याआधी मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून मुलूखभर नेणं हाच आमच्या वाडवडलांचा धंदा होता. लदेणी म्हणत त्याला. माल वाहणारं जनावर पारखण्यात पिढ्या गेल्या. काका स्वतः अजून बैलाच्या बाजारात गेले की जबडा उघडून आधी दात बघतात: दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला. मग खूर उचलून बघतात, शंभर पावलं चालवतात, बसवून उठवतात. शिंगं तासून तेल चोपडलेला म्हातारा बैल त्यांना लांबूनच कळतो. मग कुठे रुमालाखाली बोटं दाबून सौदा. एक भोवरा वाकडा दिसला म्हणून त्यांनी घरापर्यंत आणलेली जोडी परत पाठवलेली आहे.

आणि हेच काका त्या गाडीसमोर उभे राहून विचारत होते, "सनरूफ हाये ना?"

गाडीलाही दात असतात, फक्त विचित्र जागी. टायरच्या बगलेवर छोट्या चौकटीत चार आकडे असतात. 2219 म्हणजे 2019 सालचा 22वा आठवडा. गाडी 2015 ची, मीटरवर 38 हजार किलोमीटर, आणि चारही टायर मागल्या वर्षीचे. इतकं कमी फिरणाऱ्या डॉक्टरांनी आधीचे टायर खाल्ले काय? काचांच्या कोपऱ्यातही सालाची खूण असते. सगळ्या काचा एका सालच्या आणि एकच वेगळी, म्हणजे तिथे काहीतरी फुटलं होतं. मीटर मागे फिरवणारे कलाकार गल्लोगल्ली आहेत, पण ब्रेकच्या पेडलवरचं रबर कुणी बदलत नाही. इथे ते अंगठ्याखाली झिजून आतलं लोखंड डोकावत होतं. स्टिअरिंग तर इतकं गुळगुळीत, की हात लावताच निसटावं.

बोनटवर हात ठेवला, गरम. विकणारा म्हणाला, तुम्ही येणार म्हणून धुवून ठेवली. धुतलेली गाडी गार हवी. गरम इंजिन दहा रोग लपवतं. गार इंजिन चालू केल्यावर धूर निळा आला तर ऑइल जळतंय, काळा आला तर डिझेल नीट जळत नाही, पांढरा येतच राहिला तर कूलंट आत शिरतंय.

मग मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. शेवटची वीतभर पट्टी मातकट. गाडी धुणारे कार्पेट बदलतात, सीटा बदलतात, अत्तर मारतात, पण पट्टा पूर्ण ओढून कुणी धूत नाही. पुराचं पाणी शेवटी तिथेच सापडतं.

वर पाहिलं तर छताच्या कापडाला पिवळा डाग. बाहेरून बोट फिरवलं, तर रुपयाएवढं भोक एम-सीलने बुजवून वर रंग मारलेला. लाल दिव्याचं भोक. मंत्र्या-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे दिवे 1 मे 2017 पासून उतरले, त्यांची भोकं मात्र राहिली.

"डॉक्टरच्या गाडीवर लाल दिवा?" काका म्हणाले. "अ‍ॅम्ब्युलन्स होती काय बे?"

विकणाऱ्याला एकदम फोन आला आणि तो लांब जाऊन बोलू लागला.

कागद दिल्लीचे. तिथे 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना रस्ताबंदीचा आदेश हरित लवादाने 2015 मध्ये दिला आणि 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला. तेव्हापासून नऊ वर्षांची धूडं दक्षिणेकडे वाहू लागली. तिथे गाडी स्वस्त पडते, पण एनओसी आणून इथला कर भरून नंबर एमएच 37 होईपर्यंत फरक संपतो. साल तर बघाच. 2010 च्या ऑक्टोबरात औरंगाबादकरांनी एकगठ्ठा 150 मर्सिडीज घेतल्या, त्याची देशभर बातमी झाली. त्या गाड्यांची पंधरा वर्षं 2025 मध्ये भरली, आणि खासगी गाडीची पहिली नोंदणी तेवढीच असते. पुढे तपासणी, नूतनीकरण, पर्यावरण कर. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 हातात आल्याशिवाय टोकन देऊ नये. ई-चलानं गाडीबरोबर येतात, नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाबरोबर जातो.

चालवून बघायला समृद्धीवर नेली. 120 ला काका सीटमध्ये रेलून खुशीत होते. मध्येच खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले, "हे आपलं शेत होतं. इथं तूर होती." दाखवेपर्यंत शेत संपलं होतं.

ही गाडी हवेच्या सस्पेन्शनची. अशी गाडी रात्रभर उभी करून सकाळी बघावी. आम्ही ती तांड्यावर ठेवली, आणि सकाळी ती एका बाजूने बसलेली होती, रवंथ करत असल्यासारखी. ते दुरुस्त करायचं तर नागपूर गाठायचं, आणि तिथला आकडा ऐकून यायचं.

काकांनी गाडी नाकारली. मीटर, पूर, भोक, सस्पेन्शन यांपैकी कशासाठीही नाही. नंबरची बेरीज आठ येत होती.

"काका, नंबर तर बदलणारच आहे," मी म्हटलं.

"बदलन. पण दारात पयल्यांदा आठावरच येईन ना?"

ती गाडी अजून विकायची आहे. डॉक्टरचीच आहे. कुणी दाखवायला आणली, तर सनरूफ विचारायच्या आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा.