मडगार्डला गोधडी, डोक्यावर सुतळी

पुनावळ्याच्या सर्व्हिस रस्त्यावरील गॅरेजमालकांस,

मालक, जुन्या गाडीच्या रंगावर तुमचा किती जीव आहे ते मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या जीपच्या मडगार्डला पट्ट्याचं बक्कल घासू नये म्हणून तुम्ही आधी त्यावर चौघडी गोधडी टाकलीत, कडेने नीट दाबलीत आणि मगच पोराला इंजिनावर वाकायला सांगितलंत. त्याच पोराच्या डोक्यावर जे बॉनेट उभं होतं, ते तुम्ही सुतळीने बांधलं होतंत.

जीपचं बॉनेट कसं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. महिंद्राने चाळीसच्या दशकाअखेरीस मुंबईत विलिजच्या जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून ती रचना तशीच चालत आली. बॉनेट पार मागे न्यायचं, समोरच्या काचेच्या चौकटीला टेकवायचं आणि हुकात अडकवायचं. तो हुक म्हणजेच सगळा आधार. माझ्या गाडीचा हुक झिजला होता आणि गाडी सोडताना पहिलं काम म्हणून मी तोच सांगितला होता. 'ओरिजिनल मिळत नाही साहेब,' हे तुमचं उत्तर. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदवायचे नियम २०२१ मध्ये आले, तेव्हापासून 'ओरिजिनल' हा शब्द प्रत्येक गॅरेजवाल्याच्या तोंडी आहे. अहो, हुक म्हणजे काही गिअरबॉक्स नव्हे! भोसरीतला कुठलाही वेल्डर नमुना पाहून संध्याकाळपर्यंत तो करून देतो. नाहीतर बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एक चक्कर मारायची. कार्बोरेटरच्या एका जेटसाठी तुम्ही ती मारताच की.

पोरगा इग्निशनच्या पॉइंटच्या फटीत फीलर गेज घालून बघत होता. नजर खाली, मान पुढे, दोन्ही हात गुंतलेले. महामार्गाला लागायला निघालेला कंटेनर शेजारून भरधाव गेला, वाऱ्याच्या झोताने सुतळी तटकन तुटली आणि पत्र्याची कड थेट त्याच्या मागच्या टाळूवर आली. भळाभळा रक्त. तुम्ही ग्रीस पुसायचं फडकं त्यावर दाबलंत, हळद आणायला एकाला पिटाळलंत आणि मला म्हणालात, 'डोकं फुटल्याशिवाय कोणी मिस्त्री होत नाही.'

हे वाक्य मला सहन झालं नाही आणि हे पत्र त्याच वाक्यासाठी आहे. डोकं फुटणं म्हणजे शिक्षण असेल, तर मालक, गल्ल्यावर बसून तुम्ही ते पोराकडून का करून घेता?

टाळूच्या रक्तवाहिन्या घट्ट पेशीजालात रोवलेल्या असतात, कापल्या तरी चटकन आक्रसत नाहीत. म्हणून लहानशी खोकसुद्धा भसाभसा वाहते. त्यावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं. हळद, कॉफी, ग्रीस काही नको. पुढची काळजी खोकेची नाही, आतल्या माराची. उलटी होणं, डोकेदुखी वाढत जाणं, गुंगी येणं, बोलणं अडखळणं, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्याने तर साधं टेंगूळ आलं तरी दाखवून घ्यावं. तुम्ही त्याला अर्ध्या तासात परत कामाला लावत होतात.

तुमच्याकडे जीपच येते असं नाही. पद्मिनी येते, ॲम्बेसेडर येते. ॲम्बेसेडरच्या बॉनेटच्या पुढच्या ओठाला मधोमध लॉकची कडी लोंबते, ती बरोबर कपाळाच्या उंचीवर. कोणी हाक मारली, हॉर्न वाजला, की वाकलेला माणूस सरळ वर उठतो आणि तिच्यावर आदळतो. जुना रबरी पाइप उभा चिरून त्या कडेवर बसवा, कडीवर अर्धा कापलेला टेनिसचा चेंडू लावा. आधी मागे सरायचं, मग वर उठायचं, हे पोरांना पाना धरायला शिकवतानाच शिकवा. आधाराची दांडी खोबणीत पूर्ण बसली का, हे हाताने हलवून बघा आणि तिच्यावर शंका असेल तर जोडीला दुसरा टेकू लावा. इंजिन उतरवण्याइतकं मोठं काम असेल, तर बिजागरीभोवती खडूने खूण करून दोघांनी मिळून बॉनेटच उतरवून ठेवा. मागाहून त्याच खुणेवर बसतं. आतून कडक कवच असलेली टोपी मिळते, ती घालून मान सहज फिरते. जड हेल्मेटची तक्रार तिला लागू होत नाही.

चाकणपासून पिंपरीपर्यंत मोठ्या कारखान्यांच्या गेटवर टोपी नि बूट घातल्याशिवाय शॉपवर सोडत नाहीत. तिथून सुटलेला कामगार तुमच्याकडे येतो आणि तीन-चार माणसांच्या गॅरेजात मात्र असा नियम पाळायला लावणारं कोणी नाही. म्हणून तुमचं फावतं. पोरगा आयटीआय करून आलाय, हात चांगला आहे, पॉइंट कानाने ओळखतो. असा हात तुम्हाला पुन्हा मिळेल का, याचा तरी विचार करा.

गाडी न्यायला मी शनिवारी येतोय. हुक बसलेला हवा. त्याची मजुरी मी आनंदाने देईन. पोराचे टाके, टिटॅनसचं इंजेक्शन आणि त्याची घरी बसलेल्या दिवसांची रोजी, हे तिन्ही तुमच्या खिशातून जायला हवं. माझ्या पावतीत 'किरकोळ' म्हणून त्यातलं काही दिसलं, तर गाडी तिथेच सोडून मी त्याला घेऊन दुसऱ्या गॅरेजात जाईन.

एक जीपवाला, पुनावळे