आमदारांची पहिली उचल

ऑक्टोबर 2025 मध्ये जयसिंगपूरच्या विक्रमसिंह क्रीडांगणावर 'स्वाभिमानी शेतकरी संघटने'ची ऊस परिषद भरली आणि टनाला 3751 रुपये पहिली उचल मागून मोकळी झाली, तेव्हा तिकडे अमेरिकेचं सरकार बंद होतं. अर्थसंकल्पावरून संसदेत जमलं नाही म्हणून 43 दिवस कारभाराला टाळं. विमानतळावर बॅगा तपासणारे कामावर हजर, पगार गैरहजर. ज्यांचं भांडण मिटत नव्हतं त्या खासदारांचं वर्षाचं 1 लाख 74 हजार डॉलरचं मानधन मात्र ठरल्या दिवशी निघत होतं. काहींनी जनाची लाज म्हणून 'आमचा पगार अडवून ठेवा' अशी पत्रं दिली, एवढंच.

आपल्याकडे असं होत नाही, याचा आपल्याला अभिमान असायला हवा. अर्थसंकल्प मंजूर झाला नाही तर इथे सरकारच पडतं, आणि उशीर होणार असेल तर घटनेच्या कलम 206 प्रमाणे लेखानुदान घेता येतं. त्यामुळे मंत्रालयाला कुलूप लागत नाही. आपल्याकडचं थांबणं सुटं-सुटं असतं. कधी एसटी थांबते, कधी उसाचं बिल.

उसाच्या बिलाचा कायदा जयसिंगपूरच्या शिरोळ तालुक्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की ऊस गाळपाला दिल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर, द्या, नाहीतर थकलेल्या रकमेवर 15 टक्के व्याज द्या. जयसिंगपूरच्या क्रांती चौकातल्या टपरीवर व्याजाचा विषय काढून बघा. लोक चहा सांगतात, उत्तर देत नाहीत.

या कथेतला सगळ्यात रसाळ भाग 2022 च्या फेब्रुवारी-मार्चमधला आहे. 21 फेब्रुवारीला राज्य सरकारनं शासन निर्णय काढला: एफआरपी एकरकमी नको, दोन टप्प्यांत द्या. आधी ठरवून दिलेल्या उताऱ्यावर थोडी, उरलेली हंगाम संपून खरा उतारा कळल्यावर. त्याच वेळी एसटीचे कर्मचारी राज्य सरकारात विलीनीकरणासाठी चार महिने संपावर होते. काम नाही तर दाम नाही, हा नियम त्यांना चोख लागू होता. आणि मार्चच्या अधिवेशनात घोषणा झाली की आमदारांचा स्थानिक विकास निधी 4 कोटींचा 5 कोटी, आमदारांच्या स्वीय सहायकाला 25 हजारांऐवजी 30 हजार, आणि चालकाला 15 हजारांऐवजी 20 हजार. म्हणजे त्या महिन्यात राज्यात स्टीअरिंग धरणाऱ्याचं नशीब गाडीत मागे कोण बसलंय यावर ठरत होतं. पुढे आठवडाभरात आमदारांसाठी गोरेगावात 300 घरांचीही घोषणा झाली. फारच ओरड झाली तेव्हा खुलासा आला की घरं फुकट नाहीत हो!

एफआरपीचे तुकडे करणारा तो निर्णय 'स्वाभिमानी'चे नेते राजू शेट्टी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये रद्द केला. तीन वर्षं गेली. पण टप्प्यांची कल्पना वाया का घालवायची? ती आमदारांच्या पगाराला लावून पाहायला हरकत नाही. अधिवेशन म्हणजे हंगाम. सभागृहात जितके तास काम झालं तेवढं टनेज, आणि त्यातून प्रश्न सुटले किती, तो उतारा. सभात्याग केला तर वजनात घट. मुंबईला नेण्या-आणण्याचा खर्च तोडणी-वाहतूक म्हणून पट्टीतूनच वजा. दुसऱ्या पक्षाच्या गव्हाणीत पडलेल्या आमदाराची नोंद कुठल्या कारखान्याकडे धरायची, हा वाद साखर आयुक्तांकडे. पहिली उचल 14 दिवसांत, उरलेलं पुढच्या निवडणुकीनंतर.

अन्याय नको म्हणून हेही सांगायला हवं की आमदारांनी पगार सोडल्याचं उदाहरण आहे. मार्च 2020 चा पगार कोरोनामुळे टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरलं, त्यात लोकप्रतिनिधींचा सर्वांत मोठा हिस्सा, 60 टक्के, मागे ठेवला गेला. एप्रिलमध्ये वर्षभरासाठी 30 टक्के कपातही झाली. साथीचा रोग, ठप्प बाजारपेठ आणि रिकामी तिजोरी, एवढं सगळं एकदम आलं की लोकप्रतिनिधीचा पगार हलतो. नुसत्या गोंधळानं नाही. 2018 मध्ये संसदेचं अधिवेशन वाहून गेल्यावर एनडीएच्या खासदारांनी 23 दिवसांचं वेतन सोडायचं जाहीर केलं, तर त्यांच्यातलेच सुब्रमण्यम स्वामी म्हणाले की आपण रोज जात होतो, सभागृह चाललं नाही यात आपला काय दोष? उसाला तुरा येईपर्यंत तोडीची वाट बघणारा शेतकरी अगदी हेच म्हणतो.

अमेरिकेत निदान एक अडसर आहे. खासदारांनी स्वतःचा पगार वाढवला, तर मध्ये एक निवडणूक झाल्याशिवाय तो लागू होत नाही. 1789 मध्ये मांडलेली ही घटनादुरुस्ती 1992 मध्ये पक्की झाली, तीही ग्रेगरी वॉटसन या टेक्सासमधल्या विद्यार्थ्यानं नेट लावला म्हणून. त्यानं 1982 मध्ये या विषयावर निबंध लिहिला होता. त्याला 'सी' श्रेणी मिळाली होती.

आपल्याकडे 203 वर्षं थांबावं लागत नाही. कलम 195 प्रमाणे आमदारांचं वेतन विधिमंडळच ठरवतं. ऑगस्ट 2016 मध्ये 75 हजारांचा आकडा दीड लाखापार गेला, माजी आमदारांचं निवृत्तिवेतन 40 हजारांवरून 50 हजार झालं. अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. सत्ताधारी आणि विरोधक एकमेकांवर तुटून पडायला त्या दिवशी विसरले, आणि विधेयक चर्चेविना मंजूर झालं. टप्पे पाडायचं कुणी सुचवलं नाही.